लॉगीची फाटकवाली

एल्स्पेट इंग्रामला ऐकू येत नाही, हे मला कळलं ते कोंबडीच्या एका पिसामुळे.

लॉगीच्या रेल्वेफाटकाला लागूनच आमचं शेत. फाटकाशेजारच्या दगडी खोपटात एल्स्पेट राहायची. नवरा रुळांवर कामाला होता. तो गेल्यावर फाटक तिच्याकडे आलं आणि फाटकासोबत घर. जंक्शनवरून गाडी सुटली की तिच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजायची. मग तिनं बाहेर येऊन, एरवी रुळांवर आडवं असलेलं फाटक फिरवून रस्ता बंद करायचा आणि रूळ मोकळे करायचे. कोळशाचं इंजिन होतं तोवर घंटेची गरजच पडत नसे. गाडी दूर असतानाच फडताळातली भांडी वाजायला लागायची. मग डिझेलचा तो हिरवा डबा आला. एकटाच, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा, आत बाजाराला निघालेल्या चार बायका. आवाज म्हणाल तर शिवणयंत्राइतका. दारात येऊन उभा राहिला तरी पत्ता लागायचा नाही.

एकदा मी यीस्ट मागायला तिच्याकडे गेले. ती घंटेसमोर खुर्ची टाकून विणत बसली होती आणि नजर घंटेवरून हलत नव्हती. घंटेच्या लोलकाला तिनं मेणानं एक पीस चिकटवलं होतं. मी हाक मारली, परत मारली. बाई ढिम्म. तेवढ्यात घंटा खणखणली, पीस फडफडलं आणि ती विणकाम फेकून उठली, तर दारात मी! ती इतकी दचकली की मलाच धडकी भरली.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून हे?"

माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "नॅन, कुणाजवळ बोललीस तर याद राख."

आमचा हा रेल्वेचा फाटा हिवाळ्यात बंद होणार हे तोवर ठरलं होतं. शेवटच्या दिवशी जो कामावर असेल त्याला रेल्वेचं घर भाड्यानं मिळणार, आधीच कामावरून कमी केलेल्याला काही नाही. कानांची बातमी वर गेली असती तर एल्स्पेट दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली असती. मागेपुढे कुणी नाही.

"हिवाळ्यापर्यंत निभावून नेते गं," ती म्हणाली.

"आणि तोवर कुणी मेलं म्हणजे?"

"म्हणून तर खुर्चीवरून उठत नाही."

खरंच उठत नसे. सूप करपायचं, धुणं भिजून राहायचं. मी रफूचं काम घेऊन तिच्याकडे बसायला लागले, म्हणजे तिला जरा पाय मोकळे करता येत. मी काही फार दयाळू बाई नाही. पण माझा नवरा ॲलिक ट्रॅक्टर घेऊन दिवसभर त्याच फाटकातून ये-जा करायचा. तो सुखरूप परत आला की मी त्याच्यावर उगीच खेकसायची.

मग ते धुकं आलं. समुद्रावरून येतं तसलं, गाईचं शेपूट दिसलं तर तोंड दिसायचं नाही. मी गोठ्यात होते. दमट हवेत मेण सुटलं आणि पीस गळून पडलं. घंटा वाजून गेली. ॲलिक सलगमांनी भरलेली ट्रॉली घेऊन रुळांवर होता, आणि धुक्यातून दोन दिवे आले.

ब्रेकचा आवाज मी गोठ्यात ऐकला. धावले. डब्याचं नाक फाटकाला टेकलं होतं आणि फाटकाची लाकडं करकरत होती. पलीकडे ॲलिक ट्रॅक्टरवर बसलेला, चेहरा मेल्यासारखा पांढरा. एल्स्पेट विणकाम हातात तसंच घेऊन दारात आली.

ड्रायव्हर वॅटी रेनी खाली उतरला. "काय गं म्हातारे, मला फासावर चढवायचा विचार आहे का? घंटा ऐकलीस ना?"

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याला कळलं. आत जाऊन त्यानं बायकांना सांगितलं, रुळांवर मेंढ्या होत्या. त्या दिवसापासून तो वळणाआधीच गाडी थांबवायचा आणि माणूस चालावा तशी फाटकापर्यंत आणायचा.

घरी मी ॲलिकला सगळं सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीचं घर राहावं म्हणून माझं मुंडकं का?" पण बोलला तोही नाही कुणाजवळ. आता गावात चौघं भीत होतो, एवढाच फरक.

शेवटच्या दिवशी ही गर्दी! आयुष्यात कधी तिकीट न काढलेली माणसं फुलं घेऊन आली होती. रेल्वेचे वरचे इन्स्पेक्टर फॉर्डाइस साहेबही आले आणि नेमके एल्स्पेटच्या शेजारी उभे राहिले. मी तिच्या दुसऱ्या बाजूला. गाडी एकदा वर जाणार, एकदा परत येणार, की सुटलो.

धुक्यात सिग्नल दिसत नाही तेव्हा ड्रायव्हरला सावध करायला रुळांवर फटाके लावतात. रेल्वेच्या लोकांची रीत अशी, की शेवटच्या गाडीला हेच फटाके लावून निरोप द्यायचा. रुळांवर काम करणाऱ्या पोरांनी, तिच्या नवऱ्याच्याच सोबत्यांनी, फाटकाच्या अगदी तोंडाशी ते लावून ठेवले होते. प्रेमानं. गाडी वर निघाली आणि तोफा डागाव्यात तसे धडाडधूम वाजले. लहान मुलं रडायला लागली, पाद्रीबाबांची टोपी पडली, मी किंचाळले. साहेबसुद्धा हादरले.

एल्स्पेट निशाण हलवत हसत उभी होती. तिची पापणीही लवली नाही.

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग ते तिच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मिसेस इंग्राम, तुमच्या कोटाला आग लागलीय."

ती निशाण हलवतच राहिली.

"साहेब, गाडी बघण्यात गुंतलीय हो ती," मी म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा, बाई."

"एकच फेरी उरलीय. एकच."

"माणूस मरायला एकच पुरते."

खरं होतं. कित्येक आठवडे मी स्वतःला हेच सांगत होते.

साहेब तिच्या समोर आले. टोपी काढली आणि निशाणासाठी हात पुढे केला. एल्स्पेटनं आधी टोपीकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे, आणि लाजून लाल झाली.

"नॅन, बघ गं! शेवटच्या गाडीला निशाण साहेब स्वतः दाखवणार! आमचे हे असते तर..." तिनं निशाणाची काठी एप्रनला पुसली, दोन्ही हातांनी साहेबांना दिली, त्यांचे आभार मानले आणि चहा टाकायला आत पळाली.

साहेब निशाण धरून उभे राहिले. माझ्याकडे बघणं त्यांना जमेना.

"कामावरून कमी केलंय हे तिला तुम्ही सांगाल का?" त्यांनी विचारलं.

खिडकीतून एल्स्पेट मला हाका मारत होती, साहेबांना साखर किती लागते ते विचार म्हणून.