चामटोलीची म्हैस आणि एक खोटी कबुली

चामटोलीच्या त्या म्हशीचं नाव काढलं, की मला अजूनही आधी हसू येतं आणि मग वाईट वाटतं.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. गावातल्या दोघा भावांपैकी थोरला पोलीस ठाण्यात आला तो रडतच. दुभती म्हैस आठवडाभर खाणं टाकून मेली होती. "सायब, धाकट्यानंच विष घातलं. आमची बोलचाल बंद हाय, तरी गोठ्यात शिरताना शेजाऱ्यानं बघितलाय त्याला." जनावराला विष घालणं हा गुन्हा. धाकट्याला बोलावलं. बसायच्या आधीच तो म्हणाला, "मीच घातलं. लिहून घ्या."

हवालदार खूश! पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण ठाण्यात त्या दिवशी चहा गोड लागतो. मी विचारलं, "कोणतं विष?"

"उंदराचं."

"पुडीतलं की बाटलीतलं?"

गडी छताकडे बघायला लागला.

"अरे गाढवा, धड खोटं तरी बोल!" मी ओरडलो. त्यावर तो हळूच म्हणाला, "सायब, वहिनी जेवली का?"

तिथे माझी ट्यूब पेटली: हा कुणाला तरी पाठीशी घालतोय.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यक डॉक्टरबाईंना घेऊन थोरल्याचा गोठा गाठला. शवविच्छेदनात म्हशीचं यकृत खराब निघालं होतं, म्हणून त्यांचा संशय खाद्यावर होता. कोपऱ्यात शेंगदाण्याच्या पेंडीचं पोतं होतं. पंचांसमक्ष नमुने सीलबंद केले. मग बाईंनी चिमूटभर पेंड द्रावणात ढवळली, थेंब पट्टीवर टाकला आणि पट्टी जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात सरकवली. बायोसेन्सर म्हणतात त्याला. पंधरा-वीस मिनिटांत पडद्यावर आकडा आला. "बुरशीचं विष आहे, आणि भरपूर," बाई म्हणाल्या. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

दारात उभी असलेली थोरल्याची बायको, म्हणजे ती वहिनी, पुढे आली. "पेंड भिजली व्हती. कडक उन्हात वाळवली, बुरशी झटकली. मला वाटलं, झाली चांगली." बुरशी झटकली तरी तिचं विष राहतं, हे त्या माउलीला कोण सांगणार?

धाकट्याने मग सगळं सांगितलं, या वेळी खरं. वहिनी नवऱ्याच्या चोरून त्याला कालवणाचा डबा द्यायची. रिकामा डबा गोठ्यात ठेवायला गेला, तेव्हा त्याने तिला ती बुरसट वासाची पेंड म्हशीला घालताना पाहिलं होतं, आणि म्हैस त्यानेच मेली हे ताडलं होतं. बोल तिच्यावर येऊ नये म्हणून पठ्ठ्या तुरुंगात निघाला होता!

ठाण्यात तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, मला इचारायचंस तरी!" आणि त्यालाच धरून रडली.

थोरला म्हणाला, "सायब, फाडा ती तक्रार." फिर्याद अशी फाडता येत नाही, रीतसर अहवाल पाठवावा लागतो, हे त्याला समजावलं. मग भावाकडे न बघताच तो म्हणाला, "चल, बस गाडीवर."

गुन्ह्यामागचा हेतू शोधायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. कबुलीमागचाही शोधावा लागतो, हे मला त्या वेड्याने शिकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुणी फार झटपट गुन्हा कबूल केला की मी पहिला प्रश्न विचारायचो, "घरी कोण कोण असतं रे तुझ्या?"