तेराव्याला नेलेलं गोड

अगं, जरा जवळ ये. समोर नाहीस, तर कागदावरच ओढते तुला. वर्ष झालं की गं तुला बघून! केंब्रिजहून पिनर म्हणजे काही परदेश नव्हे. आणि तुझे ते मेसेज, 'लव्ह यू मावशी' नि पुढे एक लाल बदाम. त्यानं मावशीचं पोट भरतं का? रागावले नाहीये. म्हणजे रागावलेच आहे, पण थोडी.

मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, ते कस्टर्डचं ग्रीक गोड हल्ली करत नाहीस का गं, आणि मी म्हटलं, ओव्हन बिघडलाय. खोटं बोलले. ओव्हन ठणठणीत आहे. काय बिघडलं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या ग्रीक बाई तुला आठवतात ना? तू लहानपणी यायचीस तेव्हा कुंपणावरून तुला अंजिरं द्यायच्या, त्याच. आम्ही दोघी सव्वीस वर्षं शेजारी. तिचं इंग्लिश लंगडं, माझंही लंगडं, पण दोन लंगडे हात धरून बरे चालतात. ते गोड तिनंच मला शिकवलं. गालाक्तोबुरेको. मला नाव म्हणता यायला दोन वर्षं लागली, आणि तुझ्या काकांना शेवटपर्यंत आलं नाही. ते त्याला 'ग्रीक वडी' म्हणायचे, कारण शंकरपाळ्यासारखे चौकोन कापायचे असतात ना.

शनिवारी सकाळी ती तिच्या किचनमध्ये मला उभी करायची. दूध तापत ठेवायचं, त्यात बारीक रवा धार धरून सोडायचा आणि हलवत राहायचं. मी म्हटलं, अगं बाई, ही तर आमची रव्याची खीर! तिला ते आवडलं नाही. मग फेटलेली अंडी, साखर, लोणी. ट्रेमध्ये फिलोची पानं एकावर एक, कागदाहून पातळ, प्रत्येक पानाला पातळ लोण्याचा हात. उरलेली पानं ओल्या टी-टॉवेलखाली, नाहीतर वाळून चुरा. आपल्या चिरोट्यांना साटा लावतो, तसंच, फक्त लाटायचं काम दुकानदारानं केलेलं. मध्ये ते दूध-रव्याचं कस्टर्ड, वर पुन्हा पानं, आणि ट्रे ओव्हनमध्ये.

एकदा मी तिची पाठ वळलेली बघून कस्टर्डमध्ये वेलची टाकली. तिनं वासावरून पकडलं.

"हे काय?"

"थोडीशीच."

"बरं. उद्या मी येते आणि तुझ्या वरणात ऑलिव्ह टाकते. थोडेसेच."

आणि पाक! मी गुलाबजामच्या सवयीनं गरम पाक घेऊन धावले, तर माझ्या मनगटावर फटका. गोड गरम असेल तर पाक गार हवा. दोन्ही गरम झाले की वरची पानं लगदा होतात. वर झाकणही ठेवायचं नाही. मला झाकण ठेवल्याशिवाय चैन पडत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणायची, तू त्याला ताप आलाय असं समजून पांघरूण घालतेस.

तुझे काका गेले तेव्हा ती रोज यायची. नुसती बसायची. तेराव्याला आपण गोड केलं, श्रीखंड-पुरी. घरात गोड शिजलं की दुःखाचं घर पुन्हा चालू झालं, असं आपल्यात मानतात. तिलाही पान वाढलं. तिनं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, खा, आज खायचंच असतं. तिनं खाल्लं सगळं, सावकाश, आणि डोळे पुसले. मला वाटलं, ह्यांच्या आठवणीनं.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, तिचा नवरा गेला. हॉस्पिटलमध्ये, तीन दिवसांत. मी रोज गेले, तिच्यासारखीच नुसती बसले. ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. इथे फ्युनरलची तारीख लवकर मिळते कुठे? अकराव्या दिवशी माती दिली. मी दफनभूमीत तिचा हात धरून उभी होते.

आणि मी मनात दिवस मोजत होते. आपण माणूस गेला त्या दिवसापासून मोजतो. तेरावा आला. मला वाटलं, हिच्या घरी गोड कोण करणार? मुलगी बेसिंगस्टोकला परत गेलेली. माझ्या घरच्या तेराव्याला ती जेवली, आता तिच्या घरच्या तेराव्याला मीच करायला हवं. आणि करायचं तर तिचंच. त्याआधी मी एकटीनं कधी केलं नव्हतं. दोनदा रव्याच्या गुठळ्या झाल्या, ओतून दिलं, तिसऱ्यांदा जमलं. वरची पानं अशी सोनेरी आली, पाक ओतल्यावर चर्र वाजला, आणि मला वाटलं, हे बघून ती हसेल. एवढ्या दुःखातही जरा हसेल.

ट्रे दोन हातांत धरून मी कोपरानं बेल दाबली.

तिनं दार उघडलं. ट्रेकडे बघितलं. आधी कळेचना तिला.

"हे तू केलंस?"

"हो. एकटीनं! वेलची नाही घातली."

"हे आम्ही सणाला करतो," ती म्हणाली. "लग्नाला करतो. परवा मी त्याला मातीत ठेवला. परवा! आणि तू माझ्या दारात सण घेऊन आलीस?"

मी काहीतरी बोलायला लागले, तेरावा, आमच्यात, तू पण जेवलीस ना... इंग्लिशमध्ये तेरावा कसा सांगायचा गं?

"हो, जेवले," ती म्हणाली. "तुझ्यासाठी जेवले."

आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ट्रे घेऊन मी परत आले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की त्या दिवशी माझ्या घरी तिनं प्रत्येक घास कसा उतरवला असेल. पुढच्या आठवड्यात फिलोच्या दुकानातल्या म्हाताऱ्या ग्रीक माणसाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस दिवस, मॅडम. चाळीस दिवस घरात गोड होत नाही. त्यानंतर चर्चमध्ये साखर घातलेले शिजवलेले गहू वाटतात."

मी ठरवलं, ठीक आहे. चाळीस दिवस तिला तिचं दुःख करू दे. एकेचाळिसाव्या दिवशी जाईन आणि पाय धरीन. शहाणपणच वाटलं मला ते. माफी मागायला मुहूर्त लागत नाही, हे सत्तरी उलटून गेलेल्या बाईला कळू नये?

पस्तिसाव्या दिवशी ती जिन्यावरून पडली. दारात अँब्युलन्स बघून मी स्लिपर्समध्येच धावले, तोवर दारं लागली होती. खुब्याचं हाड. मग मुलीनं तिला बेसिंगस्टोकलाच नेलं आणि घराला 'फॉर सेल'ची पाटी लागली. मुलीचा नंबर होता माझ्याकडे. चार-पाचदा फोन हातात घेतला. वाटायचं, आजारी आहे, उगाच मनस्ताप नको. जरा बरी होऊ दे. आणि खरं सांगू? मनाच्या कोपऱ्यात हेही होतं की सव्वीस वर्षं ओळखते मला, एक फोन तिनं केला तर काय बिघडेल.

यंदा मार्चमध्ये मुलीचाच फोन आला. झोपेत गेली.

चाळिसाव्या दिवशी बेसिंगस्टोकच्या चर्चमध्ये बोलावलं होतं, गेले. छोट्या कागदी पिशवीत गहू दिले, वर साखर आणि डाळिंबाचे दाणे. बाहेर बाकावर मुलगी शेजारी येऊन बसली. मी धीर करून विचारलं, आई माझ्याबद्दल काही बोलायची का?

"तुमचा नंबर तिच्या फोनवर सगळ्यात वर होता," ती म्हणाली. "मी म्हणायचे, लाव की मम्मा. तर म्हणायची, आधी ती करेल. तिनं केला की मी तिला झापणार आहे."

मी त्या पोरीपुढे रडले नाही. ट्रेनमध्ये वोकिंगपर्यंतही नाही. मग मात्र आवरेना. समोरच्या बाईनं मला टिशूंचं अख्खं पाकीट दिलं.

झापलं असतं गं तिनं मला. चांगलं दहा मिनिटं झापलं असतं, आणि मग म्हणाली असती, दाखव, पानं कशी लावलीस.

परवा पुन्हा केलं. गुठळ्या झाल्या नाहीत. खाल्लं मात्र नाही, एवढं एकटीनं कसं खाणार? अर्धं समोरच्या घरी दिलं, बाकीचं वाया गेलं.

तू आता 'डेडलाइन संपली की येते' म्हणू नकोस. किंग्ज क्रॉसला उतर, तिथून मेट्रोपॉलिटन लाइन थेट पिनरला येते. या शनिवारीच ये. सकाळी ये, दूध तापवायच्या आधी.