अकरा मजल्यांत एक मत

तुम्ही अकरा मजले शेवटचे कधी चढलात? रिकाम्या हाताने नव्हे, डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन? नाही ना? मग गुमान ऐका.

आमच्या वसाहतीत चौदा इमारती, अठ्ठावीस लिफ्ट. त्यातली आज कुठली चालते हे दुरुस्ती खात्याच्या साहेबांनाही ठाऊक नसायचं. ठाऊक असायचं घरोघरी कपडे पोचवणाऱ्या इस्त्रीवालीला. सारी वसाहत तिला वहिनी म्हणते. दहावी नापास बाई, पण इस्त्रीच्या टेबलावरच लेकीचा जुना लॅपटॉप उघडून तिने वेबसाइट बनवली. लिफ्ट चालू तर हिरवा ठिपका, बंद तर लाल. दूधवाले, रखवालदार, गुडघेदुखीवाले, सगळे आधी ठिपके बघतात. आणि लाल ठिपका लागला की वहिनी दर अर्ध्या तासाने साहेबांना फोन लावते, "साहेब, सातव्या इमारतीतली डावी अजून झोपलीये. उठवताय की मी येऊ?"

साहेब पिसाळले. खात्याची बदनामी होते, वेबसाइट बंद करा, अशी नोटीस धाडली. आणि त्याच आठवड्यात, इंटरनेटवरच्या उत्तम कामाला दरवर्षी मिळणाऱ्या पुरस्काराच्या शेवटच्या पाचांत आमची वहिनी! समोर बँक, सिनेमाची तिकिटं विकणारे, असले पैलवान. निकाल लोकांच्या मतांवर. जिंकली, तर वेबसाइट बंद करायला कोण येतो ते बघूच!

वहिनीने मताचं बटण लाल ठिपक्याखाली लावलं. "हिरवा कोण निरखून बघतंय? लाल दिसला की माणूस शिव्या घालत तिथंच थांबतो." बिनतोड! पण पुरस्काराची बातमी ऐकून साहेबांची तंतरली, आणि त्यांनी दोन दिवसांत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस लिफ्ट चालू केल्या. सगळे ठिपके हिरवे. बटण गायब. मतं नऊ!

"आई, एक खोटा लाल टाक ना," लेक म्हणाली.

"खोटा? कुणाचा शर्ट करपला तरी मी लपवत नाही, आणि ठिपका खोटा टाकू?"

बटण हिरव्याखाली आणलं. पण लिफ्ट चालू असताना वेबसाइट उघडतो कोण? मग वहिनीच लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं की सुरू. "आजोबा, फोन काढा." अकरा मजल्यांत एक मत.

"बटण सापडेना गं," आजोबा म्हणाले. "पुन्हा वर-खाली करूया?"

"करूया की! आता चालतेय ना!"

काल तळमजल्यावर दार उघडलं तर समोर खुद्द साहेब. ते मागे वळणार तोच वहिनी म्हणाली, "या की, तुमचीच लिफ्ट आहे." अकराव्यावर साहेब घामाघूम होऊन बाहेर पडले. मत दिलं होतं! वर विचारतात, "पुरस्काराच्या फोटोत मलाही घ्याल ना, वहिनी?"

बँक अजून चारशे मतांनी पुढे आहे. मतदान उद्या संध्याकाळी सहाला संपतं. तुमच्याकडची लिफ्ट चालू असेल तर आत शिरा, दार मिटलं की फोन काढा आणि आमच्या वहिनीला मत द्या.