‘मोज’ नावाची दोन कामं

बस आधी. मोबाइल बाजूला ठेव अन् माझ्याजवळ बसल्यासारखी बसून हे वाच. उभ्यानं, हातात चहाचा कप धरून वाचायचं नाही. ही तुझी खोड तुझ्या आईला मोडता आली नाही, तर मावशीचं काय ऐकणार तू! माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्यालाही समजावं, म्हणून तुला ठाऊक असलेलंही सांगते. कंटाळू नको.

तुझे काका, म्हणजे माझे यजमान, अकोल्याच्या एका लहान कारखान्यासाठी सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतली लायब्ररी लिहायचे. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रामला रोज लागणारी कामं, म्हणजे मजकुरातला आकडा ओळखणं, पडद्यावर छापणं, एकदा लिहून ठेवायची अन् सगळ्यांनी वापरायची, तिला लायब्ररी म्हणतात. तयार मिळते, पण कारखान्याच्या मशीनमधली चिप इतकी लहान, की तयार लायब्ररी तिच्यात मावेना. म्हणून यांनी आमच्या अमरावतीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लहानशी लायब्ररी बनवली. मी दहावी झालेली बाई. समोर भाजी निवडत बसायची अन् विचारायची, ‘‘आता हे काय करून राहिले?’’ ते सांगायचे. विचारता विचारता मलाही लिहिता यायला लागलं.

लायब्ररीत नावं दोन तऱ्हेची असतात. काही नावं बाहेरच्या प्रोग्रामनं हाक मारायची. काही आतलीच, लायब्ररीनं स्वतःच्या कामाला वापरायची, बाहेर दिसूच नयेत अशी. आतल्या नावाच्या आधी दोन आडव्या रेघा लावायची जगभर रीत आहे. रेघा दिसल्या की प्रोग्राम लिहिणाऱ्यानं समजायचं, हे लायब्ररीचं, आपण असं नाव ठेवायचं नाही. मी यांना म्हटलंही होतं. हे हसले.

‘‘रेघाबिघा कायले? इंग्रजी नावं साऱ्या जगाची. आपलं वऱ्हाडी नाव कोण ठेवून राहिलं?’’

मग आतल्या कामांना रोमन अक्षरांत आपली नावं पडली. थांबायचं ते ‘थांब’, पाहायचं ते ‘पाहाय’, मोजायचं ते ‘मोज’. तू कॉलेज संपवून आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा किती हसली होतीस. ‘‘मावशी, काका तर मशीनले ‘थांब’ म्हणतात, अन् मशीन थांबते! तुमी म्हणता तेव्हा काका काहून नाही थांबत?’’ तुला त्यांनीच शिकवलं, म्हणून तूही तशीच नावं ठेवायला लागलीस. कारखान्यात लागलीस तरी तीच सवय. त्या कारखान्यात सगळेच तसं लिहीत. मग हे गेले, अन् लायब्ररी माझ्या गळ्यात पडली.

नवजात बाळांना ऊब देणारं मशीन कारखान्यानं काढलं. त्याचा प्रोग्राम तुझा, आतली लायब्ररी यांची. मशीनं परतवाड्याहून जीपनं वर मेळघाटात गेली. धारणीकडच्या एका लहान दवाखान्यात भर दुपारी लाइट गेली अन् आली. मशीनमध्ये कमी वजनाचं बाळ होतं. लाइट आल्यावर मशीन तापायचं थांबलं अन् नुसतं वाजत राहिलं. नर्स एकटी, पलीकडे दुसऱ्या बाळंतिणीजवळ. ती येईतो बाळ गार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. एरवी ते जगलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही. मीही सांगत नाही.

मालकानं सगळी मशीनं परत आणवली अन् वर, सरकारी आरोग्य खात्याला, कळवून टाकलं, की प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीची चूक. तू एक शब्द बोलली नाहीस. नोकरी सोडलीस, पुण्याला जाऊन कुठल्याशा दुकानात बिलं करायला बसलीस. जाताना मला एवढंच म्हणालीस, ‘‘मावशी, ते लेकरू माह्या हातानं गेलं.’’

हे वाक्य मला जेवू देईना. मी मालकाकडून त्यातलं एक मशीन मागून आणलं अन् त्याच टेबलावर ठेवलं. बाळ ठेवायची पाटी गरम करायची, वायर काढायची, परत लावायची. दर वेळी छत्तीसाच्या जागी पडद्यावर तीन. तीन डिग्री! म्हणजे तापमान मोजणारा काटाच बिघडला असं समजून तुझा प्रोग्राम ऊब बंद करी अन् कोणी बटण दाबेपर्यंत वाजत राही. तू ते बरोबरच लिहिलं होतंस. काटा बिघडला तर तापवत राहणं जास्त वाईट. पण मग तीन येत होतं कुठून?

मला काही सुचेना, म्हणून जे काम कित्येक दिवस टाळलं होतं तेच काढलं. यांची आतली नावं झाकायला घेतली. एकाच फाइलीत लागणारं नाव तिथंच कोंडलं. चार फाइलींत लागणाऱ्यांना दोन रेघा लावल्या. एक नाव झाकायचं अन् वायर ओढून पाहायची. ‘पाहाय’ झाकलं, तीनच. ‘थांब’ झाकलं, तीनच. ‘मोज’ झाकलं अन् वायर लावली. छत्तीस.

मी खुर्चीतच बसून राहिले, बाई.

काट्याकडून तापमान मजकूर म्हणून येतं. यांचं ‘मोज’ त्या आकड्यात अंक किती ते सांगायचं. तू लिहिलेलं ‘मोज’ मशीन सुरू झाल्यापासून तापमान कितव्यांदा वाचलं ते. प्रोग्राम अन् लायब्ररी जोडून एक करणारं जे साधन असतं, त्याला तुझं ‘मोज’ आधी सापडलं, मग ते यांच्या ‘मोज’कडे गेलंच नाही. यांनी प्रत्येक काम वेगळ्या फाइलीत ठेवलेलं, त्यामुळे यांची ‘मोज’ची फाइल उघडलीच गेली नाही अन् एका नावावरून भांडणही कुठं दिसलं नाही. लायब्ररी विचारायची, अंक किती? उत्तर यायचं, हजार. मजकूर संपला की ती आपोआप थांबे, म्हणून निभून जाई. पण लाइट येताच पहिल्या खेपेला उत्तर आलं, एक. मग छत्तीसातला एकच अंक वाचला गेला. बटणानं सुरू केलं तर मशीन गार असतं, म्हणून आधी काही वेळ तापमान तपासलंच जात नाही, लाइट परत आली की मात्र लगेच तपासतं, म्हणून तिथं दिसलं नाही. वायर काढून तू तपासलं होतंस, मला आठवतं, पण तेव्हा तुझ्या प्रोग्रामात ‘मोज’ नव्हतं. मालकानं मागाहून मागितलं म्हणून टाकलंस. त्यानंतर कारखान्यात तपासलं ते इन्व्हर्टरवरच्या टेबलावर. तिथं लाइट जातच नाही.

मी मशीन घेऊन बसनं अकोल्याला गेले. मालकाला वायर ओढून दाखवली, जुन्या लायब्ररीवर अन् नवीवर.

‘‘काकू, नवीन टाकू आपण साऱ्या मशीनमंदी. पण वर कळवलेलं आता बदलत नाही.’’

‘‘काहून?’’

‘‘तुमच्याच माणसाचं नाव खराब होईल. गेलेल्या माणसाचं.’’

‘‘होऊ दे. ते गेले. पोरगी जिवंत आहे.’’

‘‘अन् पोरगी काही बोलली का? ती तर गपचूप निघून गेली. तिनं इथं येऊन सांगावं, मग पाहू.’’

परतीच्या बसमध्ये मी यांच्यावर फार रागावले. मेलेल्या माणसावर रागावणं काही सोपं नसतं, भांडायला समोर कोणी नसतं. माणूस चांगला होता, तुला जीव लावून शिकवलं, अन् त्याच शिकवण्यानं तुझ्या हातून तेच नाव लिहिलं गेलं. दुसऱ्या गावच्या मुलीनं दुसरं काही नाव ठेवलं असतं. हे मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून बोलले.

ते बाळ तुझ्यानं नि माझ्यानं परत येत नाही. त्याच्या आईला आपण काय सांगणार, हेही मला माहीत नाही. पण सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवून मालक मोकळा झाला, हे मला चालायचं नाही. मी एकटी गेले तर तो मला चहा पाजून परत पाठवतो. आपण दोघी जाऊ. तू बोल, मी वायर ओढते. घाबरलीस तरी चालेल, पण ये. या महिन्यातच ये, बाई.