दारातच बसणारं लोखंड

नदीच्या पाण्याला हात लावण्याआधी मोघे सर अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा सगळं उतरवत आणि एका हाताने पँट सावरत वाकत. "भिया, पाण्यातले धातू शोधायचेत ना? मग आपले धातू घरी!" देवासच्या शाळेत मी त्यांची सहकारी. बाई असूनही कायम भियाच, म्हणजे माळवी भाऊ.

निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास होता. नर्मदा समुद्राला मिळते तिथे तिच्यातल्या लोखंडाचं काय होतं, ते स्वतः पाणी आणून पडताळायचं. "गोड्या पाण्यात ते मजेत फिरतं. खारं लागलं की कणाला कण चिकटतो आणि दारातच बैठ जाता है! तांबं बरंचसं पुढे सटकतं."

याद्या माझ्याकडे: प्लास्टिकच्या बाटल्या, हातमोजे, नायलॉनची दोरी. आधी आमच्याच जिल्ह्यातलं, खातेगावच्या बाजूचं गोडं पाणी घेतलं, मग थेट गुजरातेत, नदीच्या मुखाशी. यादीत सरांचे गुडघे राहिले. नावेतून उतरवायला दोन नावाडी लागले. पण दहा बाटल्या सरांच्या घरी सुखरूप पोहोचल्या.

सकाळी गेले तर देवघरात तांब्याचे दहा गडू ओळीने मांडलेले. काकू, म्हणजे सरांची बायको, खुशीत. "नर्मदामाई प्लास्टिकमध्ये? सगळी तांब्यात ओतली. तुझ्या चिठ्ठ्याही बांधल्यात हो, नंबराप्रमाणे!"

त्या पाण्यात आता गडूचंच तांबं उतरलं होतं. सर पांढरेफटक पडले, मग डोळ्यांत पाणी येईतो हसले. "अगं, तू तर तांब्याची खाण उघडलीस!" मला मात्र हळूच म्हणाले, "पुन्हा जायला गुडघे साथ देतील का, भिया?"

"मी येते धरायला," काकू म्हणाल्या.

आल्याही. बांगड्या, जोडवी घरी ठेवून, मंगळसूत्राला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. महिन्याने प्रयोगशाळेतून तपासणीचा कागद आला. पहिल्या खारटपणालाच लोखंड धाडकन उतरलेलं, तांबं पुढे गेलेलं. "बैठ गया!" सर पोह्याच्या दुकानात ओरडले आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी नाचले. लोकांना वाटलं, बाकडं मोडलं.

गेल्या वर्षी सर गेले. अस्थी मातीच्या मडक्यात होत्या. तांब्याचा कलश काकूंनीच परत पाठवला. तीच नदी, तसलीच नाव. माझ्या हातात खारेपणा मोजायचं यंत्र. काटा जरा हलला तशी मी खूण केली आणि नावाड्याने नाव थांबवली.

"इथे नको," काकू म्हणाल्या. "इथे लोखंड बसतं. ह्यांना कुठे बसायची सवय होती?" त्यांनी मडकं छातीशी धरलं. "काटा बघ, भिया. अजून पुढे."