गुरांच्या डॉक्टरांची रविवारची शाळा

रघुनाथ मोकाशी गेल्याची बातमी आली तेव्हा मी चाकणच्या गुरांच्या दवाखान्यात एका बैलाच्या मोडलेल्या शिंगाला पट्टी बांधत होतो. बैल खोड्यात अडकवलेला, मालक वेसण धरून उभा, आणि एस.टी.तून उतरून थेट आलेला रघूचा कंपाउंडर दारात. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "साहेब गेले." मी विचारलं, कुठे गेले? मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं... सकाळी रघू पुनावळ्याला गुरांना टोचायला गेला होता. काम आटोपून झाडाखाली सोडलेल्या बैलगाडीला टेकला, छातीत कळ आली म्हणाला, पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पट्टीची गाठ मारली, बैल सोडायला सांगितला, हात धुतले. अशा वेळी माणसाला आधी दुःख होतं असं सगळे धरून चालतात. मलाही झालं, पण नंतर. पहिला विचार मनात आला तो असा, की हा इथेही माझ्यापुढे गेला.

त्याला जाऊन महिना उलटला आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी त्याच्यावर लिहाल का म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, त्याच्याबद्दल गोड लिहिणारे पुष्कळ मिळतील. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला विचारतो आहे.

मुंबईच्या कॉलेजात रघू आणि मी एका खोलीत राहायचो. मी पुण्याचा, तो माणदेशातला. त्याचे वडील मेंढरं राखायचे, माझे शाळामास्तर. कॉलेजात मी पहिला यायचो आणि रघू कसाबसा पास व्हायचा. औषधशास्त्रात तर एकदा नापासही झाला. पण त्याला एक खोड होती. न समजलेलं तो सोडत नसे. मी कंदील मालवून आडवा झालो की पलीकडच्या खाटेवरून आवाज यायचा, "अंता, ते पुन्हा एकदा सांग." मी सांगायचो. वैतागायचो, पण सांगायला आवडायचंही. त्या वर्षांत मी त्याचा मास्तर होतो, आणि तसाच जन्मभर राहणार असं मला वाटत होतं.

नोकरीत योगायोगाने आम्ही शेजारी आलो. मला चाकणचा दवाखाना मिळाला, त्याला चिंचवडचा. आमच्या धंद्याची गंमत अशी की पदवी हातात पडली की शिकणं थांबतं. माणसांच्या डॉक्टरला शहरात दुसरा डॉक्टर भेटतो, इस्पितळ असतं, कुणाला तरी विचारता येतं. गुरांचा डॉक्टर पन्नास गावांत एकटा. कॉलेजात जे शिकलो तेवढंच भांडवल, आणि ते दरवर्षी थोडं थोडं विसरायचं. नवी औषधं यायची, पण औषध विकणारा माणूस बाटलीवरचा कागद वाचून दाखवी तेवढंच त्यांच्याबद्दल कळायचं. फऱ्या, घटसर्प, लाळ, गुरांचे नेहमीचे रोग... टोचायचं, वही भरायची, पुढच्या गावाला जायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गावातले लोक डाक्तरसाहेब म्हणून उठून उभे राहायचे, आणि मला तेवढं पुरत होतं.

मग सरकारने नोकरीतल्या पशुवैद्यांसाठी उजळणी वर्ग काढला. उत्तरेत, डोंगरातल्या संशोधन केंद्रात, काही महिन्यांचा. आमच्या भागातून एकच माणूस जायचा होता. मी अर्ज केला, रघूनेही केला. मला शंकाही नव्हती. मी कॉलेजातले गुण लिहिले, पारितोषिकं लिहिली, आजवर किती जनावरं बरी केली तेही लिहिलं. आणि निवड रघूची झाली. मी पुण्याला जाऊन वरिष्ठांना भेटलो. मोठा सज्जन माणूस. त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्हाला तर सगळं येतं. तुम्हाला कशाला पाठवू? मोकाश्यांनी त्यांना काय काय येत नाही ते लिहिलंय. दोन पानं भरलीत." ... त्या दिवशी पुण्याहून चाकणला येईपर्यंत गाडीत मी हेच घोळवत होतो. रघूला येत नाही ते मला येत होतं. कॉलेजात मीच तर ते त्याला समजावलं होतं. आणि आता न येण्याचंच बक्षीस त्याला मिळालं होतं.

तो गेला आणि परत आला, आणि त्याच्याविषयी गावागावांतून ऐकू येऊ लागलं. चिंचवडच्या डॉक्टरने दुधात गुठळ्या येणारी कास बरी केली. चिंचवडच्या डॉक्टरच्या औषधाने न फळणारी गाय गाभण राहिली. बाजारच्या दिवशी चाकणात, माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून लोक हे बोलायचे. मी आत बसून ऐकायचो. दात दुखतो तसं एकाच जागी दुखायचं.

कुरुळीच्या भागूबाईंची म्हैस अडली तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. भागूबाई खमक्या. चार म्हशी, दूध पुण्याला जायचं, सगळा कारभार त्यांच्या हातात. मी गेलो तेव्हा म्हैस सकाळपासून कळा देत होती. मी हात घालून पाहिलं तर वाट मध्येच पिळवटलेली. गर्भाशयाला पीळ पडला होता. कॉलेजच्या पुस्तकात एक परिच्छेद होता, तो मला शब्दन् शब्द पाठ होता. म्हैस लोळवायची. आम्ही लोळवली, पुन्हा लोळवली. पीळ जिथल्या तिथे. माझा सदरा घामाने ओला झाला. भागूबाईंनी पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "डाक्तर, राग मानू नका. चिंचवडच्या डाक्तरास्नी सांगावा धाडलाय. तुमी बी ऱ्हावा."

मी निघून जायला हवं होतं असं त्या वेळी वाटलं. पण गेलो नाही. तो काय करतो ते मला बघायचं होतं. मत्सराचे डोळे फार तीक्ष्ण असतात. रघू सायकलवरून आला, धापा टाकत. मला बघून म्हणाला, "बरं झालं तू आहेस." मग त्याने हात घालून पीळ कोणत्या अंगाला आहे ते पाहिलं, मलाही पुन्हा पाहायला लावलं. म्हैस त्याच अंगावर निजवली. भागूबाईंच्या माळवदावरची एक लांब फळी मागवली, तिचं एक टोक जमिनीला टेकवून फळी म्हशीच्या पोटावर आडवी ठेवली आणि मला म्हणाला, "अंता, जोडे काढ आणि हिच्यावर उभा राहा. हलू नकोस. म्हैस फिरेल, आतलं पारडू तुझ्या वजनाने जागेवर राहील."

अख्खी कुरुळी भोवती जमलेली. मी, कॉलेजात पहिला आलेला, अनवाणी, फळीवर हात पसरून तोल सांभाळत उभा, आणि रघू दोर धरलेल्या माणसांना सावकाश, सावकाश म्हणत म्हशीला फिरवतोय... पायांखाली मला जाणवलं. काहीतरी मोठं, जड, आत फिरलं आणि सुटलं. रघूने हात घालून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. थोड्या वेळाने म्हैस व्याली. पारडी होती, जिवंत. भागूबाई पारडीचं नाक पुसत रघूला म्हणाल्या, "तुमचं शिक्षान लई मोठं हाय बगा." मी जोडे घालत होतो. रघू म्हणाला, "शिक्षण यांचंच. मी यांच्याच खोलीत शिकलो." हे तो मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. चढेल असता तर किती सोपं झालं असतं.

परतताना आम्ही सायकली हातात धरून सडकेपर्यंत चालत गेलो. ती फळीची युक्ती त्याने मला पुन्हा नीट समजावली, चुका कुठे होतात तेही सांगितलं. मग म्हणाला, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिंचवडला दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचं ठरवतोय. हवेली, मावळ, खेड, जवळपासच्या तालुक्यांतले सगळे गुरांचे डॉक्टर बोलवायचे. तिकडे शिकलो ते सांगतो, बाकीच्यांनी आपापलं सांगायचं. मी विचारलं, तुला ते सगळं फुकट वाटून काय मिळणार? जे तुझ्याकडेच आहे ते तुझ्याकडेच राहू दे की. तो चालता चालता थांबला. मग म्हणाला, "तू माझ्यावर जळतोस, नाही?" मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यावर तो सायकलवर टांग टाकत म्हणाला, "जळ. पण रविवारी येत जा."

मी गेलो. एकही रविवार चुकवला नाही. माझी बायको म्हणायची, मोकाशी भावोजींचं नाव काढलं की तुमचं तोंड आंबट होतं, पण पहिल्या रविवारी सायकल मात्र पहाटेच पुसून ठेवता. खरंच होतं. त्या मागच्या खोलीत पेंडीच्या पोत्यांवर आम्ही बसायचो. रघूचा नियम एकच. बरं झालेलं जनावर सांगायचं नाही, मेलेलं सांगायचं. का मेलं असेल, काय चुकलं, पुढच्या वेळी काय करू. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. गावात ज्यांना देव मानतात त्यांनी आपल्या हातून मेलेला बैल चारचौघांत कसा सांगायचा? रघूनेच सुरुवात केली. पिंपळे गुरवला आपल्या चुकीने गेलेल्या गाईची हकीकत त्याने इतकी सविस्तर सांगितली की ऐकणाऱ्यांना घाम फुटला. मग मावळातला एक वयस्क डॉक्टर बोलला, मग दुसरा. संध्याकाळी उठताना सगळ्यांचे चेहरे हलके झाले होते. माझा नव्हता. मी सायकलवर चाकणचा रस्ता तुडवत विचार करत होतो, की हे मला का सुचलं नाही?

पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना सुरू झाला तेव्हा रघूने तिथला एक रसायनज्ञ ओळख काढून रविवारी बोलावून आणला. औषध किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, अर्धवट सोडलं तर काय होतं, हे आम्ही पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकलं. मी त्या दिवशी इतके अवघड प्रश्न विचारले की तो बिचारा घामाघूम झाला. खरं तर ते प्रश्न रघूसाठी होते. मी रात्ररात्र जुनी पुस्तकं उपसून ते काढायचो, त्याला एकदा तरी अडवायचं म्हणून. तो अडायचाही. अडला की खुशाल म्हणायचा, हे ठाऊक नाही, बघून सांगतो. आणि पुढच्या महिन्याच्या रविवारी बघून यायचा. त्याला अडवता अडवता माझं कॉलेजनंतर बंद पडलेलं वाचन पुन्हा सुरू झालं. घटसर्पाच्या एका साथीत माझ्या गावांतली गुरं वाचली ती त्यामुळेच. लोकांनी मला हार घातला. मी हार घेऊन घरी आलो, आणि डोक्यात एकच, की हा हार रघूने बघायला हवा होता.

या वर्षी त्याची पुन्हा निवड झाली होती. पुढचा, वरच्या पायरीचा वर्ग. मीही अर्ज केला होता. या खेपेला माझंही दीड पान भरलं होतं. मला काय येत नाही ते लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं. निवड त्याचीच झाली आणि मला जुनी कळ पुन्हा उठली. मी अभिनंदन करायलाही चार दिवस उशिराने गेलो. तो म्हणाला, परत आलो की सगळं तुला आधी सांगतो. माझ्या तोंडून कसंबसं "बरं" निघालं... ती आमची शेवटची भेट.

त्याच्या तेराव्यानंतर आठवड्याभरात कचेरीतून माझ्या नावाचा हुकूम आला. वर्गातल्या रघूच्या रिकाम्या जागेवर मी जायचं. इतकी वर्षं हवी होती ती जागा अशी मिळाली. वरिष्ठांना नाही म्हणावं असं दोन दिवस वाटत राहिलं. पण रविवारची मंडळी घरी आली. त्यातला तो मावळातला वयस्क डॉक्टर म्हणाला, "तुम्ही गेला नाहीत तर आम्हाला येऊन कोण सांगणार?" मी जायचं ठरवलं.

निघण्याआधी चिंचवडला रघूच्या बायकोला, सुमतीवहिनींना सांगायला गेलो. ते सांगणं फार अवघड होतं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवला, आणि आतून एक गरम कोट घेऊन आल्या. रघूने या प्रवासासाठी पुण्याला शिवून घेतला होता. अंगावर एकदाही घातलेला नव्हता. म्हणाल्या, "भावोजी, तिकडे थंडी बाधते म्हणत होते. घालून बघा." मी घातला. खांद्याला बसला, पण बाह्या लांब झाल्या. त्याचे हात लांब होते. वहिनींनी सुईदोरा आणला, मला खुर्चीवर बसवलं, आणि माझ्या अंगावरच बाह्यांच्या कडा आत दुमडून टाके घालू लागल्या. मी म्हटलं, शिंप्याकडून कापून घेतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "कापायचं नाही. तुम्ही परत आलात की उसवून ठेवीन. मोठा झाला की आमच्या बाळूला होईल."

उद्या गाडी आहे. कोट खुंटीला आहे. मघाशी पुन्हा एकदा घालून पाहिला. बाहीच्या आत, त्याचा हात माझ्याहून जेवढा लांब होता तेवढं कापड दुमडलेलं आहे. हात खाली सोडला की ते मनगटाला लागतं.