मुरुमासकट साफ

आमच्या घराचा रस्ता मी एकट्यानं साफ केला आणि त्यानंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या रस्त्यानं एकही गाडी दारात आली नाही.

झालं असं, की नदीचं पाणी ओसरताना सडकेपासून दारापर्यंत घोटाभर गाळ ठेवून गेलं. नेमके त्याच दिवशी आक्काला बघायला गारगोटीचे पाहुणे येणार! आधीची दोन स्थळं फिसकटलेली, त्यामुळं आबांचा जीव टांगणीला. काकांचा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागं जोडायची लोखंडी फळी होती आणि (दुर्दैवानं) मी होतो.

"फळी जरा वर धर रं! खाली मुरूम हाय!" आबा ओरडले.

"कळतंय की मला! तुम्ही जावा, फेटा बांधा!"

पहिल्याच फेरीत गाळ दुधावरच्या सायीसारखा निघाला. तिथंच मी चेकाळलो. म्हटलं, फळी आणखी जरा खाली. मग आणखी जरा! सगळा ढीग सडकेच्या कडेला नेऊन टाकला. आई म्हणाली, "आरशागत दिसतोय बघ रस्ता!"

आबा फेटा बांधून आले आणि खाली बघतच राहिले.

"मुरूम कुठं हाय?"

मी ढिगाकडं बोट केलं.

"आरं, उभा उन्हाळा खपून टाकलेला मुरूम! काळी माती उघडी पाडलीस की! ढकल माघारी सगळा!"

ढकलला. रिव्हर्स घेत, गाळ-मुरूम एकत्र कालवून! मधोमध ट्रॅक्टरची चाकं रुतली ती रुतलीच.

"डावीकडं वळीव!" आबा.

"उजवीकडं रं!" काका.

"बंद कर आधी ते!" आई.

या सल्ल्यांनी माझं डोकं असं फिरलं, की मी खाडकन गिअर टाकला. चाकं जागच्या जागी फिरली आणि चिखल थेट आबांच्या फेट्यावर!

एवढ्यात सडकेवर जीपचा हॉर्न वाजला. आत यायला वाट कुठली? पाहुणे चपला हातात घेऊन चालत निघाले. मुलाचे वडील काळ्या मातीत घसरले आणि पांढऱ्याशुभ्र धोतरासकट बसले! त्यांना उचलायला गेलेला मुलगाही शेजारीच बसला.

"संपलं स्थळ," आबा पुटपुटले. मला रडू यायचंच बाकी होतं.

आणि दारात नटूनथटून उभी असलेली आक्का खळखळून हसली. चिखलातला मुलगाही हसायला लागला.

पोहे खाऊन झाल्यावर त्याच्या वडिलांनी (आबांचं धोतर नेसून) निकाल दिला, "पोरगी पसंत हाय. पर लगीन आमच्या दारात. आणि मांडवाची जागा साफ कराय ह्या पोराला धाडू नगासा!"

लग्नात नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान मला मिळाला. खराटा मात्र कुणी हातात धरू दिला नाही.